हातमोजे भागीबाईच्या खुंटीवर

४ जानेवारी २०२६, रविवार

ही डायरी तेजलला कंपनीत मिळाली. निळा पुठ्ठा, आत खूण ठेवायला रेशमाची दोरी. मला देताना म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते यात लिही. आमच्या कानांना जरा सुट्टी." वात्रट आहे कार्टी. पण दिली मलाच. आईला नाही, बापाला नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातही तिसरी अर्धी. भाताच्या लावणीला घरी ठेवलं ते ठेवलंच. माझं माहेर घोटीजवळचं, तिथं पाऊस लागला की शाळा कोणाला आठवते! लग्न होऊन इकडे अंबडला आले. आमची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा कागदावर माझा अंगठा घेतला. साहेबाने बोट धरून शाईत बुडवलं आणि टेकवलं, जसं काही ते माझं बोट नव्हतंच. त्या रात्री हे जेवले नाहीत. मग म्हणाले, "बया, अंगठा गेला तो गेला. आता सही शीक." त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नाही. सावळीराम. पुढे साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं शिकले. सही छान येते माझी, शेवटी एक वेलांटी मारते. पण ती लागते कुठे? रेशनला आणि बँकेत. बस.

घरात आम्ही चार माणसं. मुलगा सोमनाथ टेम्पो चालवतो, कारखान्यांचा माल इकडून तिकडे नेतो. सून उज्वला गंगापूर रोडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जाते, पहाटेच निघते. तेजल चोवीस वर्षांची, अंबडच्या कारखान्यात सुटे भाग तपासते. केसाएवढा फरक असला तरी भाग बाजूला काढते म्हणे.

आणि पाचवी मैना. मैना म्हणजे तेजलची मोटरसायकल. काळीभोर, जाड. नाव मी ठेवलं. माहेरी आमची मैना नावाची काळी गाय होती, कितीही चालवा, दमायची नाही. तेजलने दिवाळीत मोटरसायकल आणली, मी ओवाळली. सोमनाथने तोंड फिरवलं. तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नाही. काही सांगायचं तर मला सांगतो, "आई, तिला सांग." ती समोर बसलेली असते. मी मधे. पोस्टमन झाले आहे मी.

८ जानेवारी, गुरुवार

आज तेजलने मला गच्चीवर नेऊन सांगितलं. मैनेवरून चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर जायचं आहे. मी म्हटलं, "अगं, एवढं लांब काय आहे?"

"काही नाही गं. जायचं आणि यायचं."

"कोणाला भेटायला?"

"कोणालाच नाही."

असं कुठे असतं का? माणूस जातं ते लग्नाला, देवाला, नाहीतर दवाखान्याला. मग ती म्हणाली, गुजरातमधून शामळाजीपर्यंत जाऊन, थोडं राजस्थानात शिरून परत. शामळाजीला देऊळ आहे हे ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, मग देवालाच चाललीस असं सांगत जा, लोकांना लवकर कळतं.

या मोटरसायकलवाल्यांची एक संघटना आहे, देशभर. सगळं तपासून मग ते दाखला देतात. पेट्रोल भरलं की पावती ठेवायची, त्यावर गावाचं नाव आणि वेळ छापलेली असते. आणि निघताना व पोचताना एक साक्षीदार लागतो. त्याने फॉर्मवर तारीख, वेळ, गाडीच्या मीटरचा आकडा लिहायचा आणि सही करायची.

"साक्षीदार तू हो, आजी."

मी म्हटलं, "कोर्टात उभं करतील का?"

"नाही गं बाई. फक्त खरं लिहायचं. आणि खाडाखोड चालत नाही."

माझी सही! खाली येऊन आधी डायरी काढली. मागच्या दोन पानांवर सही करून पाहिली. वेलांटी अजून नीट येते.

९ जानेवारी

सोमनाथला सांगितलं. पोळी अर्धी टाकून उठला. "आई, तिला सांग, कसाऱ्याच्या घाटात रस्त्यावर माणूस कसा पडतो ते मला विचार म्हणावं."

त्याच्या पायात सळी आहे. तेविसाव्या वर्षी त्या घाटात मोटरसायकलवरून पडला होता. चार महिने खाटेवर. त्यानंतर कधी दुचाकीवर बसला नाही. मागेसुद्धा नाही. लग्नाची वरात असो, मयत असो, पायी येईल नाहीतर टेम्पो काढेल.

तेजल म्हणाली, "आजी, पप्पांना सांग, घाट मी सावकाश उतरते."

मी दोघांकडे पाहिलं आणि म्हटलं, दोघांनीही ऐकलंय, मी आता भांडी घासते.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचे लाडू जमले. गूळ चांगला होता, भागीबाईने दिला. भागीबाई शेजारीण, पन्नास वर्षांची मैत्रीण. आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत आहे, तीही नावाला.

सोमनाथने माझ्या हातावर दोन लाडू ठेवले. "एक तुला. एक तिला दे."

तेजल गॅसपाशीच उभी होती. "आजी, पप्पांना सांग, आज गोड बोलायचं असतं."

"आई, तिला सांग, मी कडू कुठं बोललो? मी बोललोच नाय."

उज्वला पदरात हसली. मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

१८ जानेवारी, रविवार

तेजल पहाटे जाऊन दुपारी आली, पाचशे किलोमीटर करून. सरावाला. येताच पालथी पडली. म्हणे मान नाही दुखत, पाठ नाही दुखत, दुखतं ते बसायचं ठिकाण. मी म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं! जुनी दोन लुगडी काढली आणि मैनेच्या बैठकीच्या मापाची गोधडी शिवायला घेतली. चार थर, दाट टाके, कडेला बंद. भागीबाई आली, म्हणाली, "मोटरसायकलीचं बाळंतपण हाय का काय?" म्हटलं, असंच समज.

एक गंमत लिहायची राहिली. मैनेच्या चाकात हवा बरोबर असते रोज. तेजल म्हणते, मी आठवड्यातून एकदाच भरते, तरी उतरत कशी नाही? मी म्हटलं, चांगली गाडी आहे. आणि सोमनाथ सकाळी टेम्पोची काच पुसतो तेव्हा मैनेचा आरसाही पुसलेला दिसतो. चुकून फडकं फिरत असेल. त्याचं सकाळी लक्ष नसतंच, चहात साखर दोनदा घालतो.

आता खरं लिहिते. मला भीती वाटते. दिवसभर एकटी पोर, ट्रकांच्या मधून. मी नको म्हटलं तर ती थांबेल, हेही मला माहीत आहे. पण मी म्हणत नाही. तिच्या काळजीपेक्षा मला मजाच जास्त वाटते, हे कोणाला सांगू? मी आयुष्यात घोटीहून अंबडला आले, तेवढंच माझं जाणं. बाकी सगळं येणं.

२१ जानेवारी

गोधडी झाली. मी स्वतः मैनेवर चढून बसून पाहिली. उज्वलाने धरलं होतं. मऊ आहे. उतरताना मात्र उज्वला आणि भागीबाई, दोघींनी धरावं लागलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

घोटाळा झाला होता, पण मी सोडवला.

तेजल रविवारी निघणार. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, म्हणून. रविवारी रथसप्तमी आहे, सूर्य रथ वळवतो तो दिवस, त्यामुळे मी खूष होते. पण आज कालनिर्णय पाहिलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघायचं नसतं! आणि ही तर पश्चिमेलाच चालली. आधी कसारा, मग गुजरात.

तेजलला सांगितलं तर म्हणाली, "आजी, सोमवारी निघाले तर मंगळवारी कामावर कोण जाईल?"

मग मला आमची जुनी रीत आठवली. प्रस्थान ठेवायचं. ज्या दिवशी निघणं बरं नसतं, त्याच्या आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून जाणाऱ्याची एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला. मग देह दुसऱ्या दिवशी गेला तरी हरकत नाही, जाताना ती वस्तू उचलून न्यायची. माझी आई असंच करायची. हे आळेफाट्याला जायचे तेव्हा मीही करायचे, त्यांची टोपी भागीबाईकडे.

तेजल हसली पण हो म्हणाली. माझं ऐकते ती.

२४ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी तेजल निघाली एकदाची! तिचे हातमोजे हळदकुंकू लावून, सुपारी आत घालून, पिशवीत बांधून मी स्वतः भागीबाईच्या ओसरीवर नेले आणि खुंटीला अडकवले. भागीबाईने पाणी दिलं. म्हणाली, "गेली गं तुझी पोर." माझे डोळे भरले.

तेजलने मला बजावून ठेवलं होतं, "आजी, निघाले की लगेच फॉर्म भर. नंतर म्हणशील तर विसरशील." म्हणून घरी येऊन आधी तेच केलं. ती आंघोळीला गेली होती. मैनेचा मीटर बॅटरीने पाहिला, २१४०६. फॉर्ममध्ये कुठे काय लिहायचं ते तिने पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलंच होतं. तारीख २४. वेळ संध्याकाळी ५.३५. सही. एकही खाडाखोड नाही. फॉर्म देवाखाली ठेवला.

आता ती जेवून झोपली आहे. अलार्म लावला आहे. मलाच झोप नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी

सकाळी. उज्वला साडेपाचला कामावर गेली, जाताना लेकीच्या गालावरून हात फिरवला. नवऱ्याला म्हणाली, "आज तरी थांबा की." सोमनाथ थांबला नाही, पावणेसहाला टेम्पो काढला. "आई, घोटीला जातो. तांदूळ आणतो." गेलासुद्धा. रविवारी तिथली भाताची गिरणी बंद असते हे याला ठाऊक नसावं का? पण मी अडवलं नाही. म्हटलं, डोळ्यांनी पाहवत नसेल त्याला.

मी तेजलला ओवाळलं. मैनेच्या दिव्याला कुंकू लावलं. गोधडी बांधली. तेजल म्हणाली, "आजी, फॉर्म?"

म्हटलं, "कधीच भरला!"

"शाब्बास!" म्हणाली आणि गालाचा मुका घेतला, डोक्यावर ते शिरस्त्राण असताना. माझं नाक चेपलं.

भागीबाईच्या ओसरीवरून तिने हातमोजे उचलले. भागीबाई घोरत होती. चौकातल्या पंपावर पेट्रोल भरून, पावती घेऊन ती सहा वाजून दहा मिनिटांनी सुटली, तसा तिचा मेसेज आला. सगळीकडे अंधुक होतं. मैनेचा आवाज बराच वेळ येत होता. मग येईनासा झाला.

साडेसात. सूर्य वर आला. अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवलं, पूर्वेला उतू घातलं. पाटावर रथ काढला, सात घोड्यांचा. यंदा मला चाकं दोनच काढावीशी वाटली.

साडेनऊ. सोमनाथ आला. रिकाम्या हाताने! म्हटलं, "तांदूळ?" म्हणे, गिरणी बंद. मनात म्हटलं, मला वाटलंच होतं! त्याचे डोळे लाल. धूळ गेली म्हणे. टेम्पोच्या काचा बंद असतात, धूळ कुठून जाते देव जाणे. पण चहा छान प्यायला, दोन कप.

दुपारी. तेजलच्या फोनचा एक निळा ठिपका माझ्या फोनवर दिसतो, तो सरकतो. उज्वलाने शिकवलं. मला तो मुंगीसारखा वाटतो. आज सोमनाथने टेम्पोला सुट्टी दिली. खाटेवर पडून फोनवर क्रिकेट पाहतो आहे. मधेच म्हणाला, "भरूचच्या पुलावर गर्दी असते." मी माझ्या फोनवर पाहिलं तर ठिपका भरूचलाच! योगायोग म्हणतात तो हा. आणखी एक, क्रिकेट लागलं की हा ओरडतो. आज एकदाही ओरडला नाही.

संध्याकाळी. तिचा फोन आला. शामळाजीच्या पुढे जाऊन वळली. कळस रस्त्यावरूनच दिसला, म्हणे हात जोडले. "आजी, गोधडी एकदम भारी! पंपावरच्या माणसाने विचारलं कुठे मिळते." मी म्हटलं, पाणी पी, झोप आली तर थांब, दाखल्याचं मरू दे. "थांबते गं. वीस मिनिटं झोपायचं, घड्याळ लावून, तेही ठरलेलं असतं."

मागून सोमनाथ म्हणाला, "आई, तिला सांग, अहमदाबादेनंतर वारा आडवा येतो." मी सांगितलं. तिकडून ती म्हणाली, "बरं, सांग पप्पांना."

२६ जानेवारी, सोमवार

पाच वाजून बावीस मिनिटांनी आली!! मी अंगणातच होते. मीटर २३०४१. उतरली आणि पाय वाकडे टाकत चालत आली, नवीन वासरासारखी. तिचं तोंड काळं झालं होतं, फक्त डोळ्यांभोवती गोरं. मी फॉर्मवर पोचल्याची वेळ लिहिली, सही केली, वेलांटीसकट. तिने डोळे मिटत मिटत त्याचा फोटो काढला, पावत्यांचे फोटो काढले, पाठवून दिले आणि बूट न काढता झोपली.

बूट सोमनाथने काढले. ती झोपेत होती, तिला काय कळणार. मीही स्वयंपाकघरातूनच पाहिलं.

२९ जानेवारी, गुरुवार

काय लिहू. संघटनेतून पुण्याचे दिनेश सर म्हणून आहेत, त्यांचा तेजलला फोन आला. फॉर्मवर निघाल्याची वेळ शनिवार संध्याकाळ आहे. सोमवारी पहाटे पोचली म्हणजे छत्तीस तास होतात. चोवीसचा दाखला मिळणार नाही.

तेजल माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आजी, मी शनिवारी घरीच होते ना. आपण पिठलं खाल्लं."

मी म्हटलं, "पण प्रस्थान..."

ती हसली. खूप हसली. मग बाहेर जाऊन मैना धुवायला लागली. कालच धुतली होती. तासभर धूत होती.

३० जानेवारी

जेवण गेलं नाही. खरं लिही म्हणाली होती. मी खरंच लिहिलं होतं ना? आमच्यात निघणं म्हणजे तेच. पण तिचं निघणं वेगळं होतं, ते मला विचारायला हवं होतं. एकदा अंगठा दिला तेव्हा जमीन गेली. आता सही दिली तर पोरीचे सोळाशे किलोमीटर.

ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

३१ जानेवारी, शनिवार

मी स्वतः दिनेश सरांना फोन केला, तेजल कामावर असताना. नंबर तिच्या वहीत होता. म्हटलं, मी साक्षीदार बोलते, माझी चूक झाली, प्रस्थान काय असतं ते सगळं सांगितलं. भला माणूस. म्हणाला, "आजी, माझी आजीपण ठेवायची." मला वाटलं, झालं काम! म्हटलं, मी डायरी लिहिते, वाचून दाखवू का?

आणि मी वाचलं, "पाच वाजून पस्तीस मिनिटांनी तेजल निघाली एकदाची." वाचता वाचताच कळलं की मी काय करते आहे ते.

ते म्हणाले, पंपाची पावती सकाळची आहे, मान्य. पण पावती एवढंच सांगते की तेव्हा पेट्रोल भरलं. आधी किती फिरली ते कोण सांगणार? "साक्षीदाराने आपलाच जबाब बदलून चालत नाही, आजी. तिला रविवारी सकाळी निघताना पाहिलेलं दुसरं कोणी आहे का?"

उज्वला आधीच कामावर गेलेली. मी भागीबाईला हाक मारली. चूक केली. तिने फोन हातात घेतला आणि माझ्या बाजूने म्हणून ठणकावून सांगितलं, "व्हय साहेब! शनवारीच गेली. पाच पस्तीसला. माझ्या वसरीवर, या डोळ्यांनी पाह्यलं!"

मी तिचा पदर ओढत होते. ती मला म्हणाली, "थांब गं, मी बरोबर सांगते."

रविवारी पाहिलं का विचारलं तर म्हणाली, "रविवारी मी झोपले होते, खोटं कशाला बोलू?"

फोन ठेवल्यावर मैत्रिणीकडे पाहून मला रडू आलं. तिला वाटलं आनंदाने.

दिनेश सर शेवटी म्हणाले होते, उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा साक्षीदार मिळाला तर बघू. नाहीतर फाईल बंद.

१ फेब्रुवारी, रविवार

आज सगळे घरी होते. मी जेवताना सगळं सांगून टाकलं, फोन केला तो, भागीबाई, सगळं. तेजल म्हणाली, "जाऊ दे आजी. मी गेले आणि आले, ते तर खरं आहे ना? कागद नाही मिळाला तर नाही. पुन्हा जाईन." पण आवाज तिचा नव्हता. दाणे निवडावेत तशी भाताची शितं निवडत होती.

सोमनाथ पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला.

"सहा वाजून दहा मिनिटांनी निघाली. पंपावरून."

म्हणाला कोणाला, कळलं नाही. भिंतीला म्हणाला.

मी म्हटलं, "तुला रे काय माहीत? तू तर घोटीला..."

"पंपाच्या पलीकडं उभा होतो. मागंच होतो मग." उठला, फोन आणला, तेजलच्या ताटाजवळ ठेवला. "हा टोलचा मेसेज. घोटी नाका, सहा एक्कावन्न. तिला टोल नसतो, मला असतो. ती पुढं, मी मागं. मीटर मी पाह्यला नाय, पण गाडी हीच आणि पोरगी हीच."

उज्वलाने तोंडावर हात ठेवला. तेजल फोनकडे पाहत होती.

"घोटीनंतर?" तिने विचारलं. बापाला विचारलं, मला नाही.

"घाट उतरेस्तोवर. तो वळणाचा दगड हाय ना, जिथं मी..." थांबला. "तिथं तू ट्रकला पुढं जाऊ दिलंस. घाई नाय केलीस. सपाटीला लागलीस, मग मी वळलो."

मग सोमनाथ म्हणाला, "तेजल, मागचा दिवा तुझा जरा खाली लागलाय. ट्रकवाल्याला उशिरा दिसतो. वर घे."

मी वाट पाहत होते. "आई, तिला सांग" आलं नाही.

दुपारी त्याने दुसरा फॉर्म भरला. मी शेजारी बसून होते, वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून. सही करताना म्हणाला, "आई, हलवू नको." टोलच्या मेसेजसकट पाठवलं.

मला आता तांदळाचं कळलं. धुळीचंही. क्रिकेटचंही. चाकातल्या हवेचं अजून विचारते आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दाखला आला. तेजलने कंपनीजवळच्या दुकानातून रंगीत छापून आणला. वर तिचं नाव, खाली १६३५ किलोमीटर, तेवीस तास बारा मिनिटं. त्याखाली निघतानाचा साक्षीदार सोमनाथ सावळीराम. पोचतानाची साक्षीदार बयाबाई सावळीराम. दिनेश सरांनी माझी पोचल्याची वेळ मान्य केली, ती बरोबर होती. म्हणजे माझी अर्धी सही लागली. ह्यांचं नाव दोनदा छापून आलं. हे असते तर दाखला घेऊन सगळ्या अंबडमधून फिरले असते.

भागीबाई दाखला पाहून म्हणाली, "माझं नाव कुठंय? जबाब मीच दिला होता." तिला चहा दिला.

७ फेब्रुवारी, शनिवार

घरात तांदूळ खरंच संपला आहे. सकाळी सोमनाथ म्हणाला, उद्या घोटीहून आणतो. माझा भाचा घरचा देतो, त्याला गिरणी लागत नाही. तेजल मैनेचा मागचा दिवा वर घेत होती, पाना हातात. ती न पाहताच म्हणाली, "पप्पा, मैनेवर जाऊ. दहा किलो मागे बांधता येतो."

उज्वलाने गॅस बारीक केला.

सोमनाथ मैनेपाशी गेला. गोधडीवर हात ठेवून दाबून पाहिली. एकदा, दोनदा. "मऊ हाय," म्हणाला. मग पायाकडे पाहिलं, सळीच्या. मग म्हणाला, "सावकाश?"

"सावकाश."

"घाटात नाय जायचं. घोटीलाच वळायचं."

"घोटीलाच, पप्पा."

तो आत गेला आणि माळ्यावरून जुनी माकडटोपी शोधू लागला, वारा लागेल म्हणून. त्यावरून शिरस्त्राण कसं बसेल याचा तेजलला प्रश्न पडला आहे.

मी कालनिर्णय पाहिलं. उद्या रविवार. घोटी पश्चिमेला.

कोणाला काही बोलले नाही. संध्याकाळी माकडटोपीला हळदकुंकू लावलं, सुपारी घातली आणि भागीबाईच्या खुंटीला टांगून आले. वेळ चांगली होती. किती वाजले होते ते लिहीत नाही.